निबंधातून कापलेली शिट्टी

हे कुणालाही पटणार नाही. परवा दुपारी ओट्यावर सांगायला बसलो तेव्हाही मी आधीच बजावलं, की ज्याला पटेल त्यानं उठून घरी जावं, इथं फक्त शंका घेणाऱ्यांनी बसावं. कुणी उठलं नाही. उठून जाणार तरी कुठं? मागाच्या खात्यांची वीज गेलेली, लिंबायतच्या आमच्या गल्लीतले सगळे माग गप्प. एवढी शांतता आमच्या कानांना सोसत नाही. कुणीतरी बोलावंच लागतं, मग मीच बोलतो. उभा जन्म रिक्षा चालवली. मागे बसलेल्याला गोष्टीत गुंतवलं की त्याला खड्डे कळत नाहीत, ही विद्या मी तिथंच शिकलो.

ऐकायला चौघं होती. योगराज पायरीवर बसून बशीतून चहा पीत होता. त्याच्या मागावरची पाळी विजेनं बुडवलेली, म्हणून तोंड जरा लांब. त्याचा भाचा नितीन अमळनेरहून कामधंद्यासाठी नुकताच आलेला, त्यामुळे मी म्हणेन ते त्याला नवीन. प्रमिलाबाई मांडीवर साडी घेऊन तिचे सुटे धागे कापत होत्या. आणि योगराजची बायको शोभाबाई दाराच्या आत मशीनवर साडीला लेस लावत होती. मशीन पायाचं, त्याला विजेचं काय, ते आपलं चालूच.

"नितीन," मी म्हणालो, "तुझी मामेबहीण उजू सातवीत आहे हे तुला माहीत. पण तिच्या निबंधातलं एक वाक्य पार समुद्राकाठच्या हजीऱ्याला गेलं होतं आणि मी ते परत आणलं, हे तुला माहीत नाही."

"वाक्य? हजीऱ्याला कशानं गेलं?"

"उशीतून."

योगराजनं बशी खाली ठेवली. "नित्या, तू नवा आहेस म्हणून सांगतो. आबा बोलायला लागले की त्यातलं अर्धं सोडून द्यायचं."

"कुठलं अर्धं, मामा?"

"ते मलाही अजून कळलेलं नाही."

मी रागावलो नाही. तर ऐका.

आमच्या पोरांचा निबंध म्हणजे आधी काय होता, तर गाइडातली आई. गाइडातली आई पहाटे उठते, अंगणात सडा घालते, तुळशीला पाणी घालते. आमच्या गल्लीला अंगण नाही. तुळस एकच, तीही रंगाच्या डब्यात. पहाटे सगळ्या आया नळाच्या रांगेत उभ्या राहून एकमेकींच्या घागरी मोजतात. पण परीक्षेचा कागद पुढे आला की सगळ्यांची आई तुळशीपाशी जाऊन उभी. मग पोरांच्या शाळेत केतकी मॅडम आल्या. नदीपलीकडून, अडाजणहून स्कूटीवर येतात. पोरं त्यांना केतकीबेन म्हणतात, आईबाप मॅडम म्हणतात. त्यांनी पहिल्या दिवशी सगळी गाइडं गोळा केली आणि कपाटावर ठेवली. त्या वजनानं कपाट जे वाकलं ते अजून वाकलेलं आहे, जाऊन बघा.

मॅडम म्हणाल्या, लिहायचं नंतर, आधी आईबद्दल बोला. पोरं बोलायला लागली. इतकी बोलली, इतकी बोलली, की त्या वाऱ्यानं वर्गातला बंद पंखा फिरायला लागला.

"उलटा का सुलटा?" नितीननं विचारलं.

"सुरुवातीला उलटा. पोरांना सवय नव्हती. मग सुलटा."

बोलून झाल्यावर मॅडमनी सांगितलं, आता लिहा, पण कच्चं. हात थांबवायचा नाही. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर चुकू द्या. मग त्या कच्च्या कागदावरून पुन्हा पुन्हा फिरायचं आणि एका फेरीत एकच गोष्ट बघायची. आधी बघायचं, मला सांगायचंय ते यात आहे का. मग, आधी काय येतंय आणि नंतर काय. मग आवाज: डोळे मिटून ऐकलं तर हे कोणी लिहिलंय ते ओळखू येतं का. मग शब्द नेमका बसलाय का, वाक्य चालताना ठेचकाळत नाही ना. आणि शुद्धलेखन अगदी शेवटी, घराबाहेर पडताना आरशात बघतो तसं.

"शेवटी का?" प्रमिलाबाईंनी कात्री थांबवली. "आमच्या वेळी पहिल्या ओळीलाच छडी बसायची."

"हेच तर यानं विचारलं," मी योगराजकडे बोट केलं. "पालकांच्या सभेत उठून उभा राहिला."

"विचारलं मग. काय चुकलं?" योगराज म्हणाला. "ताक्यात खोट दिसली तर शेठ ताका बाजूला फेकतो. आणि इथं मास्तरीणच पोरांना सांगते, खुशाल खोटीचा माल काढा."

"मॅडम काय म्हणाल्या ते सांग ना."

"म्हणाल्या, भाऊ, तुमच्या मागावरून कापड उतरतं तेव्हा त्याची साडी झालेली असते का. मी म्हटलं, नाही, तेव्हा ते ग्रे असतं, नुसतं कोरं, पुढं रंग, छपाई, लेस, धागा कटिंग, स्टोन, घडी. तर म्हणाल्या, हेही तसंच. कच्चं घरी न्यायचं आणि सुधारून आणायचं. मग मला पटलं."

इथंच मॅडमचं चुकलं. नदीपलीकडच्या माणसाला काय ठाऊक, की आमच्या गल्लीत घरी आलेला माल कुणी एकटं पुरा करत नाही. शोभाबाई लेस लावते, साडी पलीकडच्या दारात जाते. प्रमिलाबाई धागे कापतात, साडी उखाभाऊकडे जाते. उखाभाऊ चिमट्यानं टिकल्या, खडे चिकटवतो, साडी माझ्याकडे येते, आणि मी तिची घडी घालतो. रिक्षा सुटल्यापासून हात रिकामे आहेत म्हणून. तर पोरांनी घरी आणलेला कच्चा निबंध आमच्या गल्लीनं कसा सुधारला असेल, तुम्हीच सांगा.

"दारोदार?" नितीन म्हणाला.

"दारोदार."

आता उजूचा कागद. वर्गात ती बोलली तेव्हाच मॅडमनी ठरवलं होतं, की शनिवारी सगळ्या आयांसमोर हिनंच निबंध वाचायचा, फक्त एक फेरी सुधारून आणू दे. आणि नितीन, त्या कागदावर पहिलंच वाक्य काय होतं? माझी आई शिट्टी वाजवते.

दाराआड मशीनची सुई एकदा अडखळली आणि पुन्हा चालू झाली.

योगराज चहा नाकात जाईपर्यंत हसला. "आबा, सुरुवातीलाच एवढी मोठी नका सोडू. दमानं. शोभा आणि शिट्टी?"

"कागदावर होतं."

"अहो, पंधरा वर्षं मी त्या बाईच्या हातचं खातो. कधी मोठ्यानं खोकलीसुद्धा नाही ती."

मी वाद घातला नाही. ओट्यावर बोललो नाही, पण अख्ख्या गल्लीला माहीत आहे, योगराज पाळीला गेला की त्या मशीनच्या आवाजाखालून एक बारीक शिट्टी चालते, आणि तो कोपऱ्यावर दिसला की थांबते. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सासूनं तंबी दिली होती, की या घरात बाईच्या तोंडून शिट्टी ऐकू आली तर माहेरी पाठवीन. सासू गेली, तंबी राहिली. योगराजला कुणी सांगितलं नाही, कारण त्यानं कधी विचारलं नाही. आणि माझ्या तोंडून निघालं म्हणजे ते थापच, या भरवशावर मी खुशाल सांगत होतो.

"तर कागद आला गल्लीत," मी पुढं गेलो. "उजूनं वाचून दाखवला. शोभाबाईनं ऐकला, लाल झाली आणि प्रमिलाबाईंना म्हणाली, हे तेवढं कापा बाई. प्रमिलाबाईंनी कापलं. खोडलं नाही, कापलं. कात्रीनं. शिट्टीची म्हणून जेवढी वाक्यं होती तेवढी कागदातून पट्ट्या होऊन खाली पडली, त्यांच्या धाग्यांच्या ढिगात."

"मला जे दाखवतात ते मी कापते," प्रमिलाबाई योगराजकडे न बघता म्हणाल्या. "वाचत नाही. चष्मा असतो कुठं जवळ."

मग कागद उखाभाऊकडे. त्यानं जिथं जागा दिसली तिथं खडे बसवले. आईच्या आधी प्रेमळ. प्रेमळच्या आधी मायाळू. मायाळूच्या दोन्ही बाजूंना कष्टाळू. एक वात्सल्यमूर्ती शिल्लक राहिली, ती त्यानं मधोमध लावली, पदरावर मोर लावतात तशी. कागद इतका जड झाला की उजूला तो दप्तरात घालून उचलवेना. आणि चमक अशी, की ती शाळेला निघाली तेव्हा समोरून येणाऱ्या रिक्षावाल्यांनी दिवसाढवळ्या डोळ्यांवर रुमाल बांधले.

"मग रिक्षा चालवल्या कशा?" नितीन.

"लिंबायतमध्ये रिक्षा बघून चालवतात असं तुला कुणी सांगितलं?"

शेवटची घडी माझी. खाली मी घातलं: अशी ही माझी आई मला फार फार आवडते. कड कडेला लागली. ती घडी मला अजूनही सुरेख वाटते.

शुक्रवारी मॅडमच्या टेबलावर सगळे निबंध आले. प्रत्येक गल्लीनं आपापला माल तसाच पुरा केला होता. मॅडमनी एक वाचला, दुसरा वाचला, मग सगळे पत्त्यांसारखे पिसले आणि टेबलावर उपडे टाकले. म्हणाल्या, आपापली आई ओळखा आणि न्या. एकालाही ओळखता येईना. मंदार नावाचा एक पोरगा भलत्याचीच आई घेऊन घरी गेला. घरी वाचून दाखवली, आईबापांनी पाठ थोपटली. फरक कुणाला कळला नाही.

मी त्या दिवसापुरती मागून आणलेली रिक्षा घेऊन शाळेच्या खिडकीशी उभा होतो. सगळं माझ्या कानांनी ऐकलं. मॅडमनी उजूला जवळ बोलावलं.

"उजू, ही कुणाची आई?"

"माझी, बेन."

"ही शिट्टी वाजवत नाही का?"

"वाजवायची. कापली."

"कुणी?"

"आईनंच सांगितलं."

मॅडमनी कागद बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "तुला काय हवंय?"

"मला माझी आई हवी. शनिवारी ही वाचली तर आई समोर बसून दुसऱ्याच बाईचं कौतुक ऐकेल. मी काल परत लिहायला बसले. पण आता हात उखाकाकांसारखा चालतो. माझी आई असं लिहिलं की पुढं प्रेमळ येतंच."

"मूळचं आठवत नाही?"

"थोडं थोडं. पण ते माझं वाटत नाही."

मग मी खिडकीतून डोकं आत घातलं आणि म्हणालो, मॅडम, कापलेलं कुठं जातं ते मला माहीत आहे. धाग्याच्या कचऱ्याचं पोतं चिंधीवाला उचलतो. तो टेम्पो जातो कोसाडला. तिथं त्या कचऱ्याच्या उशा भरतात.

"पोतं गेलं होतं खरं," प्रमिलाबाईंनी मान डोलावली. "तेवढं खरं आहे."

मॅडम म्हणाल्या, हे शिकवायच्या कुठल्याच पद्धतीत बसत नाही, आणि रिक्षात बसल्या. उजू शेजारी. मी रिक्षा अशी काढली की वाटेतले सगळे सिग्नल आम्हाला बघून हिरवे झाले. एक लाल राहिला होता, तो शरमला.

कोसाडच्या वसाहती तुम्ही पाहिल्या नसतील तर सांगतो. एकासारखी एक बिल्डिंग, आणि दुपारी तिथं निम्मी माणसं झोपलेली. रात्रपाळी करून आलेली. आम्ही पहिल्या जिन्यात शिरलो तर एक बाई दारातच रडकुंडीला येऊन उभी. म्हणाली, "तुम्ही देवऋषी का? माझ्या माणसाला काहीतरी झालंय. नवीन उशी आणल्यापासून झोपेत पोरीच्या आवाजात बोलतो."

आत गेलो. हा एवढा गडी, मिशा अशा की त्यांवर कपडे वाळत घालावेत, उशीवर गाल टेकून गाढ झोपलेला. आणि बारीक आवाजात म्हणतोय, "तिचा पुढचा दात अर्धा आहे."

उजूनं माझं मनगट धरलं. "आबा, हे माझं."

मॅडमनी पेन्सिल काढली. बाई म्हणाली, "कुणाचा दात? कोण आहे ती?" आम्ही तिला समजावलं, की दात सोज्ज्वळ आहे, संसारी आहे, लिंबायतला राहतो. तेव्हा कुठं तिच्या जिवात जीव आला, आणि तिनं आम्हाला लिंबाचं सरबत दिलं.

दुसऱ्या मजल्यावर दोन भाऊ एकाच उशीवर झोपलेले. एक म्हणायचा, "त्या फटीतून शिट्टी." दुसरा म्हणायचा, "चांगली निघते." एकानं कूस बदलली की वाक्य उलटं व्हायचं. मॅडमना एवढा आनंद झाला की त्यांनी तिथंच उजूला विचारलं, कुठलं आधी चांगलं वाटतं, ऐकून ठरव. पोरीनं दोघा भावांना आळीपाळीनं कुशीवर वळवून बघितलं आणि मग ठरवलं. याला म्हणतात मांडणी.

"उशांचं पटतं मला," योगराज म्हणाला. "कोसाडला माझा एक साडू राहतो. तो झोपेत बोलतो."

"बघ," मी नितीनला म्हणालो.

"शिट्टीचं मात्र नाही पटत."

दाराआड मशीन जरा जोरात चालू लागलं.

एक म्हातारी होती, तिच्या उशीत जे वाक्य गेलं होतं ते तिनं झोपेत आमच्या अहिराणीत करून टाकलं होतं. उजूनं लिहिलं होतं, आईला वाटतं मशीनच्या आवाजात कुणाला ऐकू येत नाही. म्हातारी म्हणत होती, "तिले वाटस, कोनले ऐकू येत नही." उजू म्हणाली, बेन, हेच जास्त बरं आहे, आई घरी असंच बोलते. मॅडम म्हणाल्या, मग हेच ठेव. म्हातारीला आम्ही उठवलं नाही. फक्त पायाला हात लावला.

एकेक जिना करत सगळी वाक्यं मिळाली. एक सोडून. शेवटचं. ती उशी ज्याच्या घरी होती तो हजीऱ्याला एका कारखान्यात कामाला, आणि उशी सोबत घेऊन गेलेला, कारण कंपनीच्या बसच्या सीटवर त्याची मान दुखते.

मी रिक्षा वळवली. वाटेत उजू मागच्या सीटवर वाक्यं मोठ्यानं वाचत होती. जिथं रिक्षा खड्ड्यात आदळायची तिथं तिचं वाक्य तुटायचं, आणि जिथं तुटायचं तिथं ते आधीपासूनच लांब झालेलं असायचं. मॅडम म्हणाल्या, आबा, तुमच्यासारखा मदतनीस मला बी.एड.ला मिळाला नाही. आणि मी खड्डे शोधून शोधून गाडी घातली. हजीऱ्याला पोचेपर्यंत निबंध असा चालायला लागला की रिक्षानंच त्याच्या चालीवर चालायला सुरुवात केली. शुद्धलेखन शेवटच्या फाटकाशी केलं, थांबलो होतो तेवढ्यात.

कारखान्याच्या गेटवर शिपायानं काठी आडवी धरली. "अंदर नहीं जा सकते, काका."

"आत जायचंच नाही," मी म्हणालो. "आतलं एक वाक्य बाहेर आणायचंय."

त्यानं विचार केला. "गेट पास?"

"वाक्याला?"

तो वहीत शोधायला लागला, वाक्यासाठी काही नियम आहे का. तेवढ्यात आम्ही पार्किंगमधल्या बसपाशी. खिडकीतून बघितलं तर एक माणूस मागच्या सीटवर, मानेखाली उशी, तोंड उघडं. आम्ही तिघं खिडकीला कान लावून उभे. बराच वेळ नुसतं घोरणं. मग तो अगदी हळू म्हणाला, "बाबा आले की ती थांबते. मला वाटतं तिनं थांबू नये."

मॅडमनी लिहून घेतलं नाही. उजूला म्हणाल्या, हे तूच लिही.

इकडे ओट्यावर योगराजची बशी हातातच राहिली होती. चहावर साय धरली होती.

"असं लिहिलं होतं पोरीनं?" तो म्हणाला.

"आता तूच म्हणालास ना, थाप आहे म्हणून."

"थापच आहे. पण असं लिहिलं होतं?"

मी पुढं गेलो. अशा ठिकाणी थांबलं की गोष्ट बसते आणि मग उठत नाही.

संध्याकाळी उजूनं पुरा निबंध आईला वाचून दाखवला. शोभाबाई लेस लावत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "कापलेलं कापलेलं राहू दे." उजूनं दुसऱ्या दिवशी सकाळीच मॅडमना विचारलं, आता काय करू. मॅडम म्हणाल्या, "आवाज तुझा आहे, उजू. पण शिट्टी तिची आहे. ती नाही म्हणाली तर तेवढ्या ओळी तू वाचायच्या नाहीत, आणि त्याचं वाईटही वाटून घ्यायचं नाही."

शनिवारी शाळेचा मोठा वर्ग आयांनी भरला. बाप थोडे. हा योगराज पाळीवर होता. शोभाबाई भिंतीशी बसली, तोंडावर पदर. उजू उभी राहिली आणि वाचायला लागली. पहिलं वाक्य तिनं सोडलं. दातापासून सुरुवात केली. माझ्या आईचा पुढचा दात अर्धा आहे. आया हसल्या, कारण प्रत्येकीचा कुठला ना कुठला दात तसाच. मग मशीन आलं, लेस आली, नळाची रांग आली. पोरगी अशी वाचत होती की मागच्या खिडकीतले पारवे पंख मिटून आत येऊन बसले, आणि त्यांतल्या दोघांनी चप्पल बाहेर काढली होती.

"पारव्यांना चप्पल?" नितीन.

"शाळेत येताना घालतात."

मग ती त्या ओळीपाशी आली. त्या फटीतून, असं म्हणाली आणि थांबली. पुढचं वाक्य कागदावर होतं, तिच्या बोटाखाली होतं. वाचायची परवानगी नव्हती. सोडून पुढं जावं तर पुढचं सगळं त्याच्यावरच उभं होतं. तिनं वर बघितलं, आईकडे. सगळ्या आया तिच्याकडे बघतायत. मॅडम भिंतीला टेकून उभ्या, त्यांनी मदत केली नाही. मलाच वाटलं, उठून काहीतरी बोलावं. तोंड उघडलं होतं मी.

इथं मी गोष्ट थांबवली. नितीन पायरीवरून पुढं सरकला होता. योगराजनं बशी ओट्यावर ठेवली.

"मग?" योगराज म्हणाला.

"मग काय? शिट्टी वाजली."

"कुठं?"

"तिथंच. वर्गात. बारीक, लांब, सुरात. अशी, की पारव्यांनी मान वळवली."

"कुणी वाजवली?"

"कुणी म्हणजे? भोंगा होता तो," मी म्हणालो. "हजीऱ्याच्या बंदरात एक जहाज उभं होतं. त्याचा."

"हजीऱ्याहून लिंबायतला ऐकू आला?" नितीननं विचारलं.

"वारा तिकडून होता."

"भोंगा इतका बारीक असतो?" योगराज माझ्याकडे रोखून बघत होता.

"जहाज लहान होतं."

"आणि सुरात?"

"त्याच्या कप्तानानं कोसाडहून उशी घेतली होती. मी पावती बघितलीय."

योगराजनं हळूहळू मान हलवली. "असेल," तो म्हणाला. "भोंगाच असेल."

दाराआडचं मशीन थांबलं. शोभाबाई उंबऱ्यात येऊन उभी राहिली. खांद्यावर लेसची गुंडाळी तशीच, तोंडावर पदर नव्हता. ती माझ्याकडे बघत नव्हती, नवऱ्याकडे बघत होती.

"खोटं बोलू नका, आबा," ती म्हणाली. "जहाज नव्हतं, अन् भोंगा नव्हता. मी वाजाडी ती शिट्टी."